होतं आपलं आपोआप

काळजी-कवच योजनेच्या पत्रातलं पहिलंच वाक्य ठळक अक्षरांत होतं: 'अर्जदाराची संपत्ती विचारली जाणार नाही.' कमलाबाईंनी ते लेकीकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. विचारली असती तर सांगायला तरी काय होतं?"

योजना थोर होती, यात शंका नाही. गरीब असो की गडगंज, वुडलँड्सच्या सरकारी इमारतीत दहाव्या मजल्यावर राहो की समुद्रकाठच्या आलिशान काँडोत, म्हातारपणी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मरेपर्यंत दरमहा रक्कम मिळणार होती. अट एकच. जगायला लागणारी रोजची सहा कामं सरकारने ठरवली होती. अंघोळ, कपडे, जेवण, संडास, चालणं आणि खाटेवरून उठून खुर्चीत बसणं. यांतली निदान तीन ज्याला दुसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय जमत नाहीत, तो पात्र. ज्या शहरात पोर बालवाडीत जायच्या आधी क्लासला जातं, तिथं नापास झाल्यावर बक्षीस देणारी ही एकच परीक्षा. तिचेही क्लास एव्हाना कुठंतरी सुरू झाले असतील.

दादाराव या परीक्षेला बसणार होते. वय शहात्तर. तीस वर्षं जहाजाच्या गोदीत वेल्डिंग केलं, शेवटी फोरमन झाले, इथलेच नागरिक झाले, योजनेचे हप्ते कधी चुकवले नाहीत. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला आणि शरीराची उजवी बाजू गेली. तिच्यासोबत इंग्रजीही गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, नंतर शिकलेली भाषा आधी जाते. मागं उरली ती मराठी आणि ताठा. ताठ्याला पक्षाघात होत नाही.

तेव्हापासून कमलाबाई त्यांना दिवसातून चौदा वेळा उचलत होत्या. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून परत खाटेवर. बाईंचं वय एकाहत्तर आणि डाव्या खुब्याची वाटी पार झिजलेली. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली, दोनदा पुढे गेली, कारण त्या गेल्यावर यांना उचलणार कोण? आता चौदा तारीख मिळाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आंटी, ही चुकवली तर पुढे तुम्हालाच चाकाची खुर्ची." कवचाची रक्कम सुरू झाली की पगारी मदतनीस ठेवायची आणि ऑपरेशन करून घ्यायचं, असा साधा हिशेब होता.

साधा वाटला, हीच चूक.

लेक दीक्षा विद्यापीठात संशोधन करत होती. बेडोकला एका खोलीत भाड्यानं राहायची, वर्षावर्षाच्या करारावर. तिचा विषय होता रुग्णाला खाटेवरून उचलणारा यांत्रिक हात. चार वर्षं तो हात एका रबरी बाहुल्याला उचलत होता आणि दर तिसऱ्या खेपेला आपटत होता. त्यावर तिचे पाच शोधनिबंध झाले होते. तिच्या आईनं बापाला एकदाही आपटलं नव्हतं. म्हणूनच बहुधा तिच्यावर कुणी निबंध लिहिला नव्हता.

तपासणीच्या दिवशी मिस लिम आल्या. तरुण, हसतमुख, दारातच बूट काढणाऱ्या. मराठी ही इथली सरकारी भाषा नव्हे, आणि दीक्षानं दुभाषी व्हायचं तर तिचे हितसंबंध आड येत होते. म्हणून योजनेच्या कचेरीनं टॅब्लेटमध्ये भाषांतरयंत्र दिलं होतं. यंत्राची मराठी अशी की बोलायला लागलं की समोरच्यानं उभं राहून राजपत्र ऐकावं.

कमलाबाईंनी पाहुणी येणार म्हणून पहाटे पाचपासून तयारी केली होती. दादारावांची दाढी केली, भांग पाडला, पांढरा इस्त्रीचा शर्ट चढवला, खुर्चीत उशा लावून ताठ बसवलं. पोह्यांवर खोबरं पेरलं. म्हातारा असा दिसत होता, जणू मुलगी बघायला आलाय.

"हाऊ आर यू, अंकल?" मिस लिम म्हणाल्या.

"महोदय, आपली अवस्था कशी आहे?" यंत्र म्हणालं.

"चालतंय," दादाराव म्हणाले.

यंत्रानं इंग्रजीत सांगितलं, 'चालतो.' मिस लिमनी चालण्यापुढे बरोबरची खूण केली.

"आपण स्नान कसे करता?"

"चालतंय की."

'चालत जाऊन करतो.' दुसरी खूण.

"भोजन स्वहस्ते करता काय?"

"हातानंच जेवतो. चमच्याकाट्यांची नाटकं आपल्याकडे नाहीत."

हे शंभर टक्के खरं होतं. दादाराव हातानंच जेवायचे. कुणाच्या हातानं, ते यंत्रानं विचारलं नाही.

"वस्त्रे परिधान करू शकता काय?"

दादारावांनी स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. "ही काय उघडा बसलोय असं समजते का?"

"शौचविधीसाठी आपणांस—"

"कमल," दादाराव भिंतीकडे बघत म्हणाले, "परक्या बाईनं हे विचारायचं असतं का? सांग तिला, सगळं व्यवस्थित आहे."

'सगळं व्यवस्थित आहे,' यंत्रानं भाषांतर केलं. खूण. दीक्षा कोपऱ्यात दात आवळून बसली होती. बोलली असती तर हितसंबंध बोलले असते.

शेवटी मिस लिम कमलाबाईंकडे वळल्या. "आंटी, यू डू एव्हरीथिंग, इज इट? टायरिंग, राइट?"

"छे हो," कमलाबाई पदरानं हात पुसत म्हणाल्या, "मी कुठं काय करते. होतं आपलं आपोआप."

यंत्र क्षणभर थांबलं. मग म्हणालं, 'मी काही करत नाही. ते स्वयंचलित आहे.'

मिस लिमनी छताकडे, मग भिंतीकडे पाहिलं. मशीन कुठं दिसेना. तरी लिहून घेतलं.

त्या निघाल्या. पाहुणा उठला की यजमानानं उठायचं, ही दादारावांची शिस्त. ते उठले. म्हणजे कमलाबाईंनी मागून त्यांच्या पट्ट्यात हात घालून त्यांना उठवलं आणि खुब्यातून निघालेली कळ गिळून मिस लिमकडे बघून हसल्या. दादारावांनी डावा हात कपाळाला लावला. मिस लिमनी टाळ्या वाजवल्या. "वाह, अंकल सो स्ट्राँग!" सहावी खूण.

निकाल आठवड्यात आला. 'अभिनंदन. आपण सहापैकी सहा कामांत उत्तीर्ण आहात.'

"आई, तू खोटं का बोललीस?" दीक्षानं विचारलं.

"खोटं काय त्यात? पाहुणीपुढं रडगाणं गाऊ?"

"ती पाहुणी नव्हती, तपासणी अधिकारी होती."

"पोहे खाल्ले ना तिनं? मग पाहुणीच."

आता याच योजनेतले दुसरे अर्जदार पाहा. उद्धवराव इथल्या मराठी मंडळाचे आश्रयदाते. पासिर रिसला समुद्र दिसणारी काँडो, घरात दोन पगारी मदतनीस, खाली ड्रायव्हर. वय सत्तर, गुडघा जरा कुरकुरायचा. ते सहापैकी सहा कामांत नापास झाले होते आणि रक्कम सुरूही झाली होती. दीक्षा त्यांना मंडळाच्या कार्यक्रमात भेटली तेव्हा ते स्वतःहून म्हणाले, "हे बघ दीक्षा, मी एक शब्द खोटा बोललो नाही. त्यांनी विचारलं, दुसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय मोजे घालता येतात का? म्हटलं, नाही. जन्मात घातले नाहीत. आधी आईनं घातले, मग लग्नानंतर शैलानं घातले, तिचे गुडघे गेले तेव्हा मदतनीस ठेवली."

"पण काका, येत नाही की करत नाही?"

"तसा रकाना नव्हता गं फॉर्मवर."

"आणि जेवण?"

"ताट वाढलेलं लागतं. माशाचे काटे काढून लागतात. मी तेही प्रामाणिकपणे सांगितलं."

माणूस खरोखर प्रामाणिक होता. योजनेनं संपत्ती विचारली नाही, आणि संपत्तीनंही आपलं नाव कुठं येऊ दिलं नाही. ज्याला आयुष्यभर काहीच करावं लागलं नाही, त्याला काहीच येत नाही, हे शास्त्रशुद्ध सिद्ध झालं. ज्याला सगळं करावं लागलं, त्याला सगळं येतं, हेही सिद्ध झालं. समता यापेक्षा वेगळी ती काय असते?

उद्धवरावांना मात्र त्या पैशांचा संकोच वाटे. म्हणून त्यांनी त्यातून मंडळात एक पुरस्कार ठेवला. नाव, 'स्वावलंबन पुरस्कार'. पहिला मानकरी कोण? ज्यानं अपंगत्वाच्या परीक्षेत सहापैकी सहा मिळवले, तो.

"मी येणार," दादाराव म्हणाले. दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच नवा शर्ट मागितला. कमलाबाईंना नाही म्हणवेना.

दोघा कार्यकर्त्यांनी त्यांना खुर्चीसकट स्टेजवर चढवलं. फोटोसाठी उभं राहायचं होतं. कमलाबाई मागं वाकून, शालीच्या आड लपून, दोन्ही हातांनी पट्टा धरून उभ्या होत्या. उद्धवरावांनी दादारावांच्या डाव्या हातात नारळ ठेवला. टाळ्या झाल्या. मंडळाच्या पानावर फोटो आला, त्यात दादाराव एकटे, ताठ, नारळ पेलून. कडेला चार बोटं दिसत होती, ती फोटोग्राफरनं कापून टाकली. चौकट स्वच्छ हवी होती.

दीक्षानं फेरतपासणीचा अर्ज केला, आणि तिच्या अर्जाआधी तो फोटो योजनेच्या कचेरीत पोचला.

मिस लिम पुन्हा आल्या. या वेळी दीक्षानं आईला बजावलं होतं, "तू कोपऱ्यात बसायचं. पोहे नाहीत, चहा नाही. बाबांना हात लावायचा नाही. काय होतं ते बघू दे त्यांना."

"आणि पडले म्हणजे?"

"पडू देत. मी गादी टाकलीय."

मिस लिमनी आधी फोटो दाखवला. "अंकल, कोकोनट सो हेवी, यू कॅन होल्ड." मग म्हणाल्या, "ओके, उठून दाखवा." दादारावांनी डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरला, अंग वर लोटलं, आणि कलले. दीक्षा मनात म्हणाली, आता. पण कोपऱ्यातल्या कमलाबाई कोपऱ्यात नव्हत्या. त्या कधी उठल्या, कधी आल्या, झिजल्या खुब्यानं चार पावलं कशी टाकली, हे तिथं बसलेल्या तिघांपैकी एकालाही दिसलं नाही. दादाराव उभे होते. पट्ट्यात हात होता.

"आई," दीक्षा रडकुंडीला आली.

"अगं, आपोआप झालं."

'स्वयंचलित,' यंत्र म्हणालं.

मिस लिमचा चेहरा उजळला. त्यांना गेल्या वेळचं मशीन सापडलं होतं. त्या काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी मनापासून फॉर्म उघडला, कमलाबाईंची मदत नोंदवायलाच. मदत कुणाची? पर्याय दोन होते, 'व्यक्ती' किंवा 'सहाय्यक साधन'. त्यांनी व्यक्ती निवडलं.

"पगार किती, आंटी?"

"कसला पगार?"

"साप्ताहिक सुट्टी?"

कमलाबाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

"कामाचा परवाना? प्रशिक्षणाचा दाखला? कामाचे तास?"

फॉर्म पुढे सरकेना. पगार, सुट्टी, परवाना आणि तास नसलेली व्यक्ती योजनेला ठाऊकच नव्हती. उद्धवरावांच्या दोघी मदतनिसांकडे हे सगळं होतं, म्हणून त्या व्यक्ती होत्या, आणि व्यक्तीची मदत घेणारा माणूस पात्र. मिस लिमनी खेदानं पर्याय बदलला. सहाय्यक साधनांत काठी होती, कठडा होता, मोरीतलं स्टूल होतं. 'इतर' या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'पत्नी. घरात कायम बसवलेली, स्वयंचलित, देखभाल खर्च नाही.' आणि साधन वापरून ज्याला काम जमतं, त्याला ते काम जमतं, असा नियमच होता. सहापैकी सहा.

"पण ते साधन बिघडलंय," दीक्षा ओरडली. तिचा विषयच तो होता. "खुब्याची वाटी झिजलीय. एक्स-रे आहेत माझ्याकडे."

"चालू आहे ना पण," मिस लिम हळू आवाजात म्हणाल्या. "आत्ताच आपण पाहिलं."

नोंदवलेल्या साधनाला तपासणीची पट्टी लावावी लागते. मिस लिमनी ती चांदीसारखी चकाकणारी पट्टी कमलाबाईंच्या ब्लाउजच्या बाहीवर अलगद चिकटवली. 'प्रमाणित. वर्षभर वैध.' निघताना हळहळून म्हणाल्या, "सॉरी, आंटी. सिस्टिम लाइक दॅट वन." कमलाबाईंना इंग्रजी पट्टी वाचता येत नव्हती. पोरीनं कौतुकानं काहीतरी लावलं, इतकंच कळलं. त्यांनी तिला उभ्याउभ्या चहा पाजलाच.

चार दिवसांनी इस्पितळातून फोन आला. "चौदा तारखेला ऑपरेशन. नंतर सहा आठवडे घरी काळजी घ्यायला कोण आहे?"

"कुणीही नाही," दीक्षा म्हणाली.

पलीकडे कळफलक वाजला. "आहे की, मिस. नोंद दिसतेय. घरात प्रमाणित स्वयंचलित साधन आहे. म्हणून तर तारीख पक्की झाली. अंकल आणि आंटी, दोघांनाही तेच सांभाळेल."

"ते साधन म्हणजेच पेशंट आहे."

पलीकडे पुन्हा कळफलक वाजला. मग आवाज समजुतीनं म्हणाला, "आमच्या खात्यात त्या पेशंट आहेत, त्यांच्या खात्यात साधन. दोन्ही नोंदी तपासल्या, मिस. दोन्ही बरोबर आहेत."

फोन स्पीकरवर होता. दीक्षानं बापाला मराठीत सगळं सांगितलं, पट्टीवर काय लिहिलंय तेही. दादाराव बराच वेळ त्या चकाकणाऱ्या बाहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लाव त्या पोरीला फोन."

व्हिडिओवर मिस लिम आल्या, शेजारी टॅब्लेट. दादारावांच्या तोंडाची उजवी बाजू हलत नव्हती, पण शब्द स्पष्ट होते. "माझी बायको म्हणजे अवजार? हे चालणार नाही. मला अजिबात चालणार नाही."

यंत्रानं एकेक वाक्य नीट लावलं. 'माझी बायको हे अवजार आहे. मी चालणार नाही. मी अजिबात चालणार नाही.'

मिस लिमनी दुःखी चेहऱ्यानं दोन नोंदी केल्या. एक: पतीकडून साधनाला दुजोरा. दोन: अर्जदाराला चालता येतं, पण चालण्यास नकार. नकार म्हणजे असमर्थता नव्हे. असहकार्याचा शेरा पडला आणि प्रकरण बंद झालं.

फोन ठेवल्यावर दादाराव कमलाबाईंकडे वळले. मग दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी बायकोला विचारलं, "कमल, खुबा फार दुखतो का गं?"

कमलाबाई त्यांची उशी सारखी करत होत्या. "नाही हो," त्या म्हणाल्या. "चालतंय."

चौदा तारखेला सकाळी दीक्षा बेडोकहून पाठीवर बॅग टाकून आली. आठ दिवसांची रजा मिळाली होती, सहा आठवड्यांपैकी आठ दिवस. पुढचं पुढं. आई तयार होऊन दाराशी बसली होती, पिशवी भरलेली, बाहीवर पट्टी तशीच. दीक्षानं पाण्यासाठी फ्रीज उघडला. आत डब्यांवर डबे रचलेले. आठ दिवसांच्या भाज्या, आठ दिवसांचं वरण, डब्यांवर चिकटपट्टीचे तुकडे आणि त्यावर वाकड्या अक्षरांत वार. एका डब्यावर लिहिलं होतं, 'दीक्षासाठी, तिखट.'

"आई, कधी केलंस एवढं? या खुब्यानं?"

"झालं आपलं," कमलाबाई लिफ्टकडे निघत म्हणाल्या.

चार वर्षं आणि पाच निबंध एवढं शिकलेली दीक्षा फ्रीजचं दार धरून उभी राहिली. आपल्या आयुष्यात आजवर भाजी कापली कुणी, कपडे वाळले कसे, वह्यांना कव्हरं आली कुठून, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तिच्याही फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

तुम्ही हसलात ना मिस लिमला? यंत्राला, उद्धवरावांच्या मोज्यांना? हसा. हे वाचता वाचता शेजारी चहाचा कप आला असेल, एव्हाना अर्धा संपलाही असेल. कुणी ठेवला, मान वर करून बघितलंत का? नसेल बघितलं तरी हरकत नाही. रिकामा कपही उचलला जाईल.

आपोआप.